सगळे वर गेले

पाचपावलीच्या पुलाखाली परातेंच्या दुकानात
रात्री साडेआठला चौघं जमायचे.
पाचवा मी, हातात तापलेली सोल्डरची काडी.
टीव्ही दुकानाचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता.
दुरुस्त होऊन तीन वर्षं झालेली,
न्यायला कोणी आलं नव्हतं.

पडद्यावर गोल पाटावर मिक्सर फिरायचा,
चमचमत्या कोटातला विचारायचा, बोला, किंमत?
खऱ्या भावाच्या सगळ्यात जवळ जो, वस्तू त्याची.
भावाच्या वर गेला तो बाद.

इंदूरचा पोरगा म्हणाला, साडेपाच हजार.
"मेला," धकाते म्हणाले.
धकाते इतवारीत मिरचीच्या वखारीत काट्यावर होते,
पोत्याकडे नुसतं पाहून किलो सांगायचे.
"मिक्सर नाही पाहून राह्यला तो,
मिक्सरजवळच्या बाईले पाहून राह्यला."

मेश्राम सरांचा आक्षेप शास्त्रीय असायचा.
जुन्या हजेरीपटात ते एकेक भाग मांडत,
मुलांच्या नावांच्या रकान्यात कुकर, पंखा, सोफा.
"पहिल्यानं कधी नेमकं बोलू नये.
नेमकं बोललात, की मागचा एक रुपया वर टाकतो
आणि तुमची अक्कल तुमच्यादेखत घरी नेतो."
"हे हलकट काम हाय," परातेभाऊ म्हणाले.
"नियमात आहे."
"नियमात हाय, पन हलकट हाय."
यावर दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी फ्रीज आला, तेव्हा मिटला.

वच्छलाबाई बोंद्रे शेवटी बोलायच्या.
कॉटन मार्केटात पहाटे चारला उभं राहून
त्यांचं एक मत झालं होतं:
माणूस वस्तूचा भाव सांगतच नाही,
आपल्याले किती भेव वाटते, ते सांगते.
तिघंही भाव फुगवून बसले की त्या स्टुलावर थाप मारत,
"सगळे वर गेले! एक रुपया बोल न वं माय,
फक्त एक रुपया!"
सुरतची ती बाई ऐकायची नाही. सात हजार म्हणायची.
परत जागेवर जाताना हसायचीसुद्धा.
ते हसणं वच्छलाबाईंना फार लागायचं.

मेच्या एका रात्री, कूलर नुसती ओली हवा फेकत असताना,
टेका नाक्याकडून एक बाई आली.
सराफाच्या लाल पाकिटातून पावती काढली,
घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली.
टीव्हीकडे पाहिलं. तिनं ओळखला.
आम्हीही जरा सरकून बसलो,
दुसऱ्याच्या खाटेवर सापडल्यासारखे.
"किती झाले, भाऊ?"

परातेंनी पावती उलटसुलट केली.
रकमेचा रकाना कोरा.
तिकडे जबलपूरचा एक जण कपाटाच्या भावावर अडलेला,
इकडे आमचा मालक.
रोज रात्री दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी माणसं
आपापल्या चपला पाहू लागली.
"चौदाशे," धकाते पुटपुटले, "ट्यूब नवी टाकली."
"आपण तीन वर्षं पाहिला, त्याचं भाडं वजा करा," सर म्हणाले,
"आठशेच्या वर बसत नाही."
परातेंचा घसा कोरडा. "सहाशे द्या न, ताई," ते म्हणाले,
आणि लगेच, "नाही तर पाचशे."
बाईनं रुमालाची गाठ सोडली. नोटा मोजायला लागली.
शंभराची एक, मग दहाच्या.

वच्छलाबाईंनी स्टुलावर थाप मारली.

"सगळे वर गेले," त्या म्हणाल्या. "एक रुपया."

परातेंनी रकान्यात आकडा लिहिला, खाली सही केली.
नाणं घेतलं, गल्ल्यात टाकलं.
मी वायर काढली. कपाट, कोट, जबलपूर,
सगळं एका ठिपक्यात गेलं.
ऑटोत टीव्हीच्या बाजूला बाई तिरपी बसली,
एक हात काचेवर, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

जबलपूरचा काय बोलला, ते कळलंच नाही.
फळीवर धूळ नसलेला चौकोन राहिलाय,
साडेआठला सगळे त्याच्यासमोरच बसतात.
धकाते म्हणतात बावीस हजार बोलला असंल, मूर्ख.
सरांनी तो रकाना कोरा सोडलाय.
"हलकट काम," परातेभाऊ मधूनच म्हणतात,
कोणाबद्दल, ते सांगत नाहीत,
आणि वच्छलाबाई चहाचा कप बशीवर उपडा घालतात.