वोहेर

सकाळी सव्वासात. झेरॉक्सच्या दुकानावरचा दुसरा मजला.
कूलरचं पाणी रात्रीच संपलंय,
उरलाय वाळ्याचा वास आणि खडखड.
मी मेडिकलच्या वॉर्डातून थेट आलेय,
पायांत अजून रात्रपाळी.

पांढरीपांडे मॅडम फळ्यावर लिहितात : इश्. म्हणजे मी.
मागच्या बाकावरून कुणीतरी लाजतं : इश्श!
आणि नऊ नर्सा, दोन इंजिनियर, एक वेल्डर
पोट धरून हसतो.
या भाषेत 'मी' म्हणायचं
तर आधी लाजायचं.

इश् कोमं आउस नागपूर.
मी येते नागपुरातून.
येते? पंजवानी हात वर करतो.
आपण तर बसून आहोत ना इथंच?
मॅडम म्हणतात, तिथं गेल्यावरचं वाक्य आहे हे,
आतापासून सवय करा.
मग आम्ही सवय करतो
अजून न सोडलेल्या गावातून येण्याची.

मराठीत मी नागपूरची.
एवढीशी 'ची', मागे चिकटलेली,
उसवायला गेलं तर कापडही येईल सोबत.
त्यांच्याकडे आउस :
आतून बाहेर. कुलूप एकदा ओढून पाहून.

पंजवानीची शंका संपलेली नसते.
घर जरीपटक्याला. पण आजोबा मरेस्तोवर म्हणायचे, शिकारपूर.
मी कुठून येतो, मॅडम?
मॅडम पुस्तक मागेपुढे चाळतात.
पहिल्या धड्यात तसं काही नाही.
नागपूर लिही रे तू. मार्क तेवढेच.

तनुजा मडावी धानोऱ्याच्या पुढची,
बस वळून परत जाते तिथून चार किलोमीटर.
खेड्याला काय म्हणतात विचारते.
डोर्फ. आउस डेम डोर्फ.
ती तीनदा म्हणून पाहते
दाताखाली चारोळी फोडल्यासारखं.
आणि गावाचं नाव?
राहू द्या, म्हणते. नागपुरातच कोणाले मालूम नाही.

आता प्रश्न. वोहेर कोमेन झी?
वोहेर, वोहेर. जिभेवर बसत नसेल,
मॅडम हसून सांगतात, तर विहीर आठवा.
सगळे वहीत विहीर काढतात.
मीही काढते : गोल काठ, रहाट,
आणि काठापासून जरा लांब एक आडवी रेघ.
बाबांनी एकदाच सांगितलं होतं, चहा गार होऊ देत,
त्यांच्या आईची घागर तिथवर जायची.
कुणी वरून ओतलं तर ओतलं.

मला हा प्रश्न जर्मनच्या आधीपासून येतो.
कोन गावच्या जी तुम्ही?
इंदोऱ्याच्या. अच्छा.
मग आडनाव.
मग दुसरा अच्छा, पहिल्याहून लांब.
भाड्याच्या खोलीच्या दारात, बदलीच्या टेबलाशी,
एकदा तर सलाईन लावताना,
शीर सापडलेली, सुई हातात.

जोड्या लावा, म्हणतात मॅडम.
माझ्यासमोर वेल्डर, सुभान, मोमिनपुऱ्याचा,
बोटांवर ठिणग्यांचे जुने ठिपके.
वोहेर कोमेन झी?
इश् कोमं आउस नागपूर. उंड झी?
आउख आउस नागपूर. मी पण.
आणि पुस्तकात ओळ संपते.

मी थांबते. सवयीनं, पुढच्या प्रश्नासाठी.
तोही थांबलाय.
मग कळतं, तोही त्याच प्रश्नासाठी.
कूलर खडखडतो.
तुमचा 'इश्' चांगला निघतो, तो म्हणतो,
माझा घशातच अटकते.

उद्याचा धडा मॅडम आजच सांगून ठेवतात :
आडनाव. एकेक अक्षर सुटं करून,
समोरच्याला लिहून घेता येईल असं.

जिना उतरताना मी म्हणून बघते,
एका पायरीला एक.
गे. आ. योट. बे. हा.
ई. इप्सिलॉन. ए.
गजभिये आठव्या पायरीवर संपतं.
जिन्याला पायऱ्या तेरा.
उरलेल्या पाच
मी नुसत्याच उतरते.