सतरा आडवा, दोन घरं

कापडणीस गोळ्या न्यायला यायचे चार तारखेला,
पेन्शन जमा झाली की.
अठ्ठावीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव उजेडाला धरून पाहिलेले,
तीच सवय:
मी दिलेलं बिलसुद्धा आधी ट्यूबलाइटकडे धरायचे,
मग खिशात.

रविवारच्या पुरवणीतलं कोडं त्यांचं,
हे मला कळायला तीन वर्षं लागली.
खाली नाव नसायचं.
तुम्ही डॉक्टरांचं अक्षर वाचता, म्हणाले,
तुम्हाला जमेल.

पहिली सूचना पाकिटावरच लिहून दिली:
नाही म्हणतं, वर अभ्यास कर म्हणतं, असं गाव. तीन घरं.
खोकल्याचं औषध दिलं एकाला,
एकीला थर्मामीटर बदलून दिला,
आणि रात्री शटर ओढताना, अर्ध्यावर,
कळलं की मी त्याच गावात उभी आहे.
ना.
शिक.
चाळीस वर्षं या नावाच्या पाट्यांखालून गेले,
एकदाही ते मधोमध मोडून पाहिलं नव्हतं.

मग सगळंच मोडायला लागलं.
सातपूरच्या बसमध्ये सात पूर,
आणि आतली माणसं कोरडी, पहिल्या पाळीची.
पंचवटी म्हणजे अंपायरला दिलेली गोळी,
वटी तर आमच्याच काउंटरवर, डाव्या बरणीत.
एकदा समोरच्या हॉटेलच्या फळ्याकडे बोट करून म्हणाले,
मिसळ हे पदार्थाचं नाव नाही हो, हुकूम आहे.
कमल घ्या. मिसळ.
कलम आलं का?
आता बघा, ते द्राक्षाच्या मळ्यात लागतं,
कोर्टात लागतं,
आणि लिहायला लागतं.

मी रचायला घेतलं तेव्हा पहिल्याच खेपेला
मीठ उभं केलं, मिठी आडवी.
पहिल्या घरात एक दीर्घ, एक ऱ्हस्व,
दोघी एका खोलीत राहीनात.
त्यांनी लाल पेन्सिलीने फक्त वेलांटीला गोल केला.
अक्षर एकटं येत नसतं, म्हणाले,
काना, मात्रा, अनुस्वार,
सगळं बिऱ्हाड घेऊन येतं राहायला.

दुसऱ्या खेपेला: छान आहे, म्हणून खोडलं.
यातले दोन शब्द नुसते शोभेला बसलेत.
सूचनेत पाहुणा नको, प्रत्येकाने काम करायचं.
आणि खोटं तर बोलायचंच नाही.
खरंच बोलायचं,
फक्त ऐकणारा ज्या बाजूला कान लावून बसलाय
तिकडून बोलायचं नाही.
त्यांनी खिशातली दहाची नोट काढून वर धरली.
हे जलचिन्ह कुणी लपवलंय का? म्हणाले.
ते उजेड मागतं, एवढंच.

सात महिने मी पाकिटं खराब केली.
मालक म्हणाला, ताई, स्टेशनरीचा खर्च वाढलाय.

जूनच्या चार तारखेला, गोळ्यांच्या पट्टीखाली सरकवली:
जिंकणाऱ्याच्या गळ्यात हरणाऱ्याचं नशीब. दोन घरं.
त्यांनी वाचली, घडी घातली,
काही बोलले नाहीत.
मंगळवारी समोरच्या फुटपाथवरून गेले,
दुकानाकडे न बघता.
शुक्रवारीही.

शनिवारी रात्री सव्वाअकराला फोन.
कोण बोलतंय नाही, झोपलात का नाही,
एकच शब्द:
हार.
आणि ठेवून दिला.

मी अंधारात बसले फोन हातात धरून.
तो हार, की ती हार?
सुटली म्हणून सांगितलं,
की मानली?
परत लावून विचारता आलं असतं.

पुढच्या रविवारी सतरा आडवा माझा होता.
खाली नाव नव्हतं.

चार तारखेला आले.
बिल ट्यूबलाइटकडे धरलं,
नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ.
मग पाचशेची नोट पुढे केली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
सुटे नाहीत.