दम धरा

ग्रामीण रुग्णालय, खोली क्रमांक सात.
अकरा वर्षं मी एकच वाक्य म्हणते आहे:
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
आणि शिशाच्या पडद्याआड जाऊन बटण दाबते.
माणसं ऐकतात. बरगड्या नीट येतात.
पाखरं ऐकत नाहीत.

कॅमेरा मुनीरभाईंकडून घेतला, जुना,
पैठणच्या निम्म्या हळदी पाहिलेला.
"लेन्सला थोडी बुरशी आहे," त्यांनी आधीच सांगितलं,
"पण आजवर एकाही नवरीला दिसली नाही."

पहिल्या हिवाळ्यात जमलं ते असं:
चक्रवाकाची शेपूट.
चक्रवाक नुकताच उठून गेलेला दगड.
नाथसागराचं पुष्कळ पाणी, तिरकं.
आणि राखी बगळा समजून टिपलेला,
घरी येऊन मोठा करून पाहिलेला
बाभळीचा वाळका खुंट.
तेहेतीस फोटो त्या खुंटाचे,
एकही हललेला नाही.

मग सांडूभाऊ लिंबोरे भेटले,
थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढताना.
तीन रविवार लांबून बघत होते म्हणे.
"बाई, कामून उभ्या राहता बगळ्याम्होरं बगळ्यावानी?
खाली बसा. चिखलातच बसा.
आन् दम धरा.
पाखरू माणसाला भीत नाही, घाईला भीतं."

बसले. गाळ थंड होता, ओढणीतून वर चढला.
श्वास घेतला. रोखला.
माझंच वाक्य मला कुणी
इतक्या हळू म्हटलं नव्हतं.

त्यांनी पाणी वाचायला शिकवलं.
कुठं उथळ, कुठं शेवाळ, आणि मार्च सरता सरता
कुठून वर येते त्यांच्या वडिलांच्या गावाची वेस:
आधी दोन दगड, मग एक पायरी,
मग अख्खी भिंत, चोखून ठेवलेल्या हाडासारखी.
त्या पायरीवर नदीसुरय बसते.
"आमचीच ओसरी हाय," ते म्हणायचे, "बसू द्या."

एप्रिलात बेटावर अंडी दिसली. तीन, वाळूच्याच रंगाची.
आई डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती.
सकाळचे अकरा. मी फ्रेम लावत होते
आणि ऊन अंड्यांवर पडत होतं.
आमच्याकडं नियम आहे,
गरज नसेल तर एक्स-रे काढायचा नाही,
दर खेपेला थोडं आत जातंच.
"चला," मी म्हणाले.
सांडूभाऊंनी बांबू टेकवला. बोलले काहीच नाहीत,
पण त्या दिवशी परतताना
त्यांनी मला तराफा वल्हवू दिला.

मे महिन्यात मिळाला एक.
सुरय पायरीवर उतरताना, चोचीत चिलापी.
डोळा लख्ख. पंखाचं टोक पुसट,
ते मी तसंच ठेवलं.
त्यांना प्रिंट द्यायची राहून गेली.

गेल्या सोमवारी रांगेत सांडूभाऊ.
धुतलेला सदरा, हातात केसपेपर.
खोकला म्हणे दिवाळीपासनं.
तराफ्यावर कधी खोकले नाहीत.
पाखरं उडाली असती.

हनुवटी वर. छाती फळीला टेकवा.
श्वास घ्या. रोखा.
"मीच शिकवलं की तुम्हाला,"
भिंतीकडं तोंड करून ते हसले
आणि पहिली प्लेट वाया गेली.

दुसरी आली.
उजवीकडं, वर, काहीतरी धूसर.
कॅमेऱ्यात धूसर म्हणजे चूक माझी,
हात हलला, घाई झाली,
फोकस मागच्या खडकावर जाऊन बसला.
मी स्क्रीनजवळ वाकून पाहत राहिले.

"तुम्ही हललात का?"
"नाय बा."
"थोडंसं तरी?"

ते सदऱ्याची बटणं लावत होते, खालून वर.
"त्या पाखराचा फोटू," त्यांनी विचारलं,
"निघाला का शेवटी?"