नाव टाका

भुसावळला, जामनेर रोडच्या कडेला
माझं दुकान होतं. चार टीव्ही, एक कूलर,
अर्ध्या तासाला दहा रुपये.
पोरं यायची, एकमेकांना ठोकायची, शिव्या द्यायची, जायची.

आणि सुपडू तायडे यायचा,
यार्डातला, रात्रपाळीचा,
मालगाडीच्या चाकांवर हातोडी मारत जाणारा.
चांगलं चाक गातं, म्हणायचा,
तडा गेला की आवाज बसतो, सर्दी झाल्यासारखा.
पन्नाशीला टेकलेला. नखांत वंगण.
कंट्रोलर मी त्याच्यासमोरच पुसून घ्यायचो;
आता वाटतं, नको होतं.

जळगावच्या गोलाणी मार्केटातून आणलेली सीडी,
वर मार्करनं काहीतरी लिहिलेलं, पुसलेलं.
गेमचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.
एक माणूस, एक केसाळ जनावर
(बैल म्हणावं तर शिंगं चार)
आणि बर्फ, बर्फ, बर्फ.
बाहेर मे महिना, पत्रा तापलेला,
कूलरला पाणी नाही.

सुरुवातीलाच पडद्यानं विचारलं, जनावराचं नाव टाका.
पोरं इथं घाण शब्द टाकतात, मास्तरांची नावं टाकतात.
हा थांबला.
"बिननावाचं नही चालत का?"
नाही चालत, म्हटलं.
मग एकेक अक्षर शोधत, पाच मिनिटं घालवून
त्यानं स्वतःचंच टाकलं.
पोरं खिदळली, सुपडू सुपडूवर बसला!
"हसा," तो म्हणाला.
"माह्या आधी तीन गेले, बारशाच्या आत.
मले सुपात घालून शेजारनीले देलं,
सव्वा रुपयात परत घेतलं.
हे नाव असलं का तो अठी पाहत नही."
तो म्हणजे कोण, कुणी विचारलं नाही.

सतरा दिवस चालला, अर्धा अर्धा तास.
चढ आला की जनावरावरून उतरायचा.
गेममध्ये उतरायची गरज नव्हती.

शेवटी दगडी दार. दारात खाच,
जनावराच्या गळ्यातल्या घंटेएवढी.
घंटा काढ, खाचेत लाव, दार उघडतं.
पोरांनी गोल बटण दाबून केव्हाच उरकलेलं.
हा मागं वळून बघत राहिला.
"मंग हा अठीच राहीन का एकटा?"

चार दिवस तो नुसता तिथं येऊन बसला.
दहा रुपये द्यायचा आणि पडणारा बर्फ पाहायचा.
जनावर मान हलवी, घंटा वाजे,
हा कान देई, चाकाला देतो तसा.

पाचव्या दिवशी लाईट दोनदा लुकलुकली.
त्याला वाटलं असावं, गेली तर सगळंच जाईल.
गोल बटण दाबलं.

जनावर मेलं नाही.
पोरांच्या डोक्यात मात्र तसंच राहिलेलं.
ते वळलं, आल्या वाटेनं निघालं,
हळू, आता बिनआवाजाचं,
आणि कॅमेरा त्याच्यामागं गेला नाही.

बाजूच्या टीव्हीवरची मारामारी कुणीतरी थांबवली.
रोशन भंगाळे, ज्याच्या तोंडी सदा आईच्या शिव्या,
तो उठला, कूलर सुपडूकडं वळवला,
नुसती गरम हवा,
आणि जागेवर जाऊन बसला.

सुपडूनं कंट्रोलर स्वतःच्या शर्टाला पुसला.
सात मिनिटं उरली होती. ती त्यानं तिथंच ठेवली.

रात्री शटर ओढून मी एकटा खेळलो.
माणसाला उलटा चालवला, वाटेकडं.
दहा पावलांवर हवेचीच भिंत.
पलीकडं खुरांचे ठसे, एका ओळीत;
बर्फ पडत होता, पण ते बुजत नव्हते.
यार्डातून हातोडी ऐकू आली. टण्. टण्.
मग बराच वेळ काही नाही.

पगार झाल्यावर तो आला. मोटरसायकलचं लाव, म्हणाला.
पडद्यानं नाव विचारलं.
त्यानं एकच बटण तीनदा दाबलं, ए, ए, ए,
पहिल्याच वळणावर भिंतीत घुसला,
हसला,
"पुन्हा लाव."