मोजणी

रेकॉर्डिंगला घेतली ती जुनी धुरावणीची खोली,
ग्रिम्झबीच्या गोदीपाठची.
साठ-सत्तर वर्षं इथे हॅडक टांगून धुरावले,
भिंती अजून डांबरासारख्या काळ्या.
रात्री घरी गेलो की बायको
कोट दाराबाहेरच काढायला लावते.
रेज म्हणतो, बरी आहे जागा,
माझा आणि हिचा घसा एकाच कारणाने गेलाय.

चौघांपैकी तिघं उरलो.
नवं गाणं दोन पट्ट्या खाली उतरवलंय.
'उतरवलंय' म्हणायचं,
'झेपत नाही' असं कुणी म्हणत नाही.
ग्लिनची अनामिका वळत नाही,
म्हणून सोलोमधला एक स्वर तो गाळतो
आणि गाळलेल्या जागी भुवई उचलतो,
जणू वाजला.
माझ्या कानातलं यंत्र झांजेला शिट्टी मारतं.
मी ते काढून खिशात ठेवतो,
बास पोटाने ऐकतो.
तो तसाही पोटानेच ऐकायचा असतो.

गाणं कशावर आहे, कर्स्टीने विचारलं.
ती सव्वीस वर्षांची,
बूट काढून, मोज्यांवर बसते यंत्रांपुढे.
रेज म्हणाला, जिन्यावर.
खरंच जिन्यावर आहे.
माणूस वर जातो, कशाला आलो ते विसरतो,
खाली येतो, आठवतं,
पुन्हा वर जातो, आणि वर ती नसते.
दुसऱ्या कडव्यात रेज तिचं नाव घेत नाही.
आम्ही तिघं तिच्या दफनाला होतो.
आम्हाला नावाची गरज नाही.

ट्रेव्हर तिथे नव्हता.
तो तिच्या आधी बारा वर्षं गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
सुपरमार्केटच्या आवारात, गाडीत,
मागच्या सीटवर गोठवलेले मटार विरघळत.
एवढा तपशील कशाला?
मटार मी उचलले म्हणून.

कर्स्टीला जुन्या खोक्यात एक फीत सापडली.
साल नाही, गाणंही नाही.
फक्त काठीवर काठी, आणि त्याचा आवाज:
एक, दोन,
एक दोन तीन चार
मग कुणीतरी शिंकतं, हसू, बंद.
तो मी होतो, शिंकणारा.

हीच मोजणी सुरुवातीला लावू, ग्लिन म्हणाला.
लावली.
चारनंतर आम्ही धावत सुटलो
आणि अर्ध्या कडव्यात रेज खुर्चीवर.
ट्रेव्हरची घाई चौतिशीतली होती.
पुन्हा लावली. पुन्हा खुर्ची.

तेव्हा कर्स्टीने फीत हळू केली,
आमच्या चालीला बसेल इतकी.
एक…
दोन…
आवाज खाली गेला, जड झाला,
शब्दांच्या कडांना कफ धरला.
त्या काळ्या खोलीत ट्रेव्हर पहिल्यांदाच
आमच्या वयाचा झाला.
गुडघे धरून उठणारा,
गोळ्यांची डबी वारांनुसार भरणारा,
एका नातीला दुसरीच्या नावाने हाक मारणारा.
इतकी वर्षं मी त्याला मनात
म्हातारा करून बघत होतो, जमत नव्हतं.
एका बटणाने जमलं.

ग्लिन बाहेर गेला.
दार आपटलं, ते वाऱ्याने.

परत आला आणि म्हणाला, नको.
त्याला राहू दे धावता.
आपण मागून येऊ.

तर गाणं आता असं आहे:
तो त्याच्या वेगाने चारपर्यंत मोजतो.
मग काहीच नाही.
कर्स्टी म्हणते, सव्वातीन सेकंद, रेडिओवाले कापतील.
कापू देत.
नीट ऐकलंत तर त्या जागेत
खुर्ची करकरते,
रेज श्वास गोळा करतो,
आणि चौतिशीतला मी शिंकतो.
त्यानंतर येतो आम्ही,
जिन्याने.