दहा हजारांत सहा

डॉक्टरांनी खुर्ची वळवली,
आईकडून माझ्याकडे.
"मार्यून, सही आई करेल.
पण पोट तुझं आहे. तुला काय वाटतं?"

सोळा वर्षांत मला असं
कुणी विचारलं नव्हतं.
आमच्या मुलींच्या होडीचा रंगसुद्धा
मुलांनी ठरवला होता.

टेबलावर माझ्या आतड्याचे फोटो:
लाल, खडबडीत, मधेच पांढरे चट्टे,
ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांसारखे.
आई खिडकीतून बंदरातल्या बोटी मोजत राहिली.
मला मात्र ते ओळखीचं वाटलं.
दर ऑक्टोबरात मेंढ्या कापल्या की
आतडी धुवायचं काम सुस्सी आत्याचं आणि माझं.
ओढ्याच्या पाण्यात, मोजा उलटवावा तशी उलटवून,
बोटं बधिर होईस्तोवर.
"नीट धू," आत्या म्हणते,
"एक भोक राहिलं तर सगळं वाया."
त्या मेंढीला तिथे कधी दुखायचं का,
हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आईचं आतडं तुटतं माझ्यासाठी.
माझं नुसतं सुजतं.

हिवाळ्यात गोळ्यांनी माझ्या तोंडाचं वाटोळं केलं,
दोन्ही अर्थांनी.
मग आठ आठवडे फक्त पिठूळ, व्हॅनिलाच्या वासाचं दूध.
भावाच्या समारंभात टेबलभर वाळवलेलं मटण
आणि माझ्यासमोर खोका, स्ट्रॉ लावलेला.
हानुस मामाने आपल्या ताटावर हात आडवा धरला,
मला दिसू नये म्हणून.
त्या हाताने भूक जास्त लागली.

होडीत सहा वल्ही, आणि समुद्राला दार नसतं.
मी प्रशिक्षकांना सांगितलं, पाठ दुखते.
पोटातलं पोटातच ठेवलं.
बिरिता काही बोलली नाही,
फक्त धक्क्याकडे जायला रोज
पेट्रोल पंपावरून लांबचा रस्ता धरू लागली.
पंपावर संडास आहे.

आता दोन वाटा.
दर आठ आठवड्यांनी शिरेतून औषध,
किंवा कोपनहेगनला जाऊन
तो आवळलेला तुकडा कापून टाकायचा.
"बरं होईल?" मी विचारलं.
"शांत होईल," डॉक्टर म्हणाले.
मला तो शब्द आवडला, कारण तो त्यांनी
उगीच मोठा केला नाही.
मग औषधाचा तो दुर्मीळ कॅन्सर सांगितला.
दहा हजारांत सहा.

आमच्या गावात माणसं पाच हजार.
म्हणजे तीन.

परतीच्या बसमध्ये, समुद्राखालच्या बोगद्यात,
मी ते तिघे शोधत होते.
दुकानाच्या गल्ल्यावरची बाई घेतली, आणि सोडली,
तिला दोन लहान मुलं आहेत.
चर्चचा पेटीवाला घेतला.
गणिताच्या सरांना घेताना
थोडा आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू.
तिसरी जागा रिकामी ठेवली.
शेजारी आई झोपल्याचं सोंग करत होती,
पर्सचा पट्टा मुठीत घट्ट.

बोगदा संपला. गाव दिसलं,
स्वयंपाकघरांतले दिवे, दोन्ही डोंगरांच्या पायथ्याशी.
त्या दिव्यांआड माझ्यासारखं
आणखी कोण दाराला कडी लावून बसलं असेल,
हा आकडा कुणी सांगितला नव्हता.
तो मोजता येत नाही.
सगळे पाठ दुखते म्हणतात.

चार रात्री गेल्या. त्यातल्या दोन न्हाणीघराच्या फरशीवर.
पाचव्या सकाळी आई म्हणाली, "मी करते फोन."
मी म्हटलं, "दे इकडे."

"शिरेतून," मी सांगितलं. "पण सुई कोपराच्या वळणात नको,
वल्हं ओढताना तिथेच ताण येतो.
आणि तारीख शर्यतीच्या आदल्या दिवशी नको."

पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला.
डॉक्टर लिहून घेत होते.