पोटाकडं उन्हाळा, पाठीकडं पौष

प्रणोतीच्या वहीत एक ग्रह आहे.
बापाचे दोन्ही हात धरून गरगर फिरणाऱ्या पोरासारखा
तोंड कायम ताऱ्याकडं.
त्या अंगाला दगड उकळतात,
पलीकडं हवाच गोठून खाली पडते.
मधे एक पट्टी, कोल्हापूर ते जयसिंगपूर एवढी,
तिथं कायमचं तिन्हीसांज.
‘इथं कोण राहील, पप्पा? सोमवारी द्यायचंय.’

मी शिरोलीला फौंड्रीत, तिसरी पाळी.
समोर भट्टी, लोखंड चौदाशेच्या वर,
मागं शटर उघडं, पंचगंगेवरनं येणारं वारं.
पोटाकडं उन्हाळा, पाठीकडं पौष.
म्हटलं, त्या पट्टीत मी अकरा वर्षं राहतोय, विचार.

तिनं डोळेच काढले नव्हते.
सगळं पेटलेलं असताना बघायचं काय, म्हणाली.
पटलं नाही.
पेटलेलंच तर बघावं लागतं,
लोखंड कधी ओतायचं ते रंग आधी सांगतो, मीटर मागनं.
मग आम्ही त्याला पापणी दिली,
माझ्या चष्म्यासारखी, निळ्या काचेची.

पुढची कातडी भट्टीतल्या मळीची,
जेवण झालं की सोलून टाकायची.
पाठीला लोकर, पट्टणकोडोलीच्या घोंगड्याची.
घाम नाही. पाणी घालवणं परवडत नाही तिथं.
दस्तगीरच्या शर्टावर पहाटे मिठाचे नकाशे उमटतात.
त्याला चित्र दाखवलं तर म्हणाला,
मीठ तरी राहू द्या की त्याच्यात,
चव कशाची मग जगण्याला?

जन्मतः कुणी असा नसतो, हेही तिला सांगितलं.
पहिल्याच आठवड्यात माझ्या भुवया गेल्या.
त्यांच्या पहिल्या हजार पिढ्या
नुसत्या भुवया जाण्यातच गेल्या असतील.

त्यांच्याकडं ‘उद्या’ला शब्द नाही.
सूर्य हलतच नाही तर पाळी सुटणार कधी,
आणि ओव्हरटाइम कशाला म्हणायचं?
(हे वहीत लिहिलं नाही.)
गारठा वाढला की ते एकमेकांच्या पाठीला पाठ लावतात,
दोघांत मिळून एक ऊब.
हे मात्र तिचं.
आम्हाला बघायला ती कधी आलेली नाही.

वही परत आली. खाली बाईंची लाल शाई:
छान. पण हा प्राणी झोपतो कसा?

दुपारचा एक. सकाळची शाळा सुटलेली.
खिडकीला जुनी चादर ठोकलेली,
पंख्याखाली मी,
डोळ्यांवर तिच्या आईची ओढणी.
कुकरची शिट्टी कुणीतरी घाईनं उचलून धरली.
पेन्सिलीचा आवाज येत होता.
तिनं मला काही विचारलं नाही.